मुंगी न शिरणारं कपाट

हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या. म्हणजे मला मधे थांबायला नको. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली तो पोट धरून हसला, आणि मी मात्र दर वेळी सांगता सांगता तिथंच जाऊन पोचतो. कोरेगावच्या आमच्या घराच्या अंगणात, हातात आईची साडी, आणि तोंड कुठं लपवावं ते कळत नाही. ओता चहा. साखर नसली तरी चालेल, पण कप भरून द्या.

नव्वदीतली गोष्ट. मी कोरेगावजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. माझी ख्याती दोन गोष्टींबद्दल होती. एक शिस्त, आणि दुसरी म्हणजे मार्क देताना हात आखडणं. किती आखडणं? माझी सख्खी बहीण सुजाता काही वर्षांपूर्वी अकरावीला माझ्याच वर्गात होती. तिला प्रॅक्टिकलला मी तीसपैकी सोळा दिले! भावानं बहिणीला मार्क वाटले असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यानंतर आठ दिवस घरात मला भाकरी करपलेलीच मिळत होती. सुजाता थापायची ना! पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आमच्या लॅबमधली केमिकल्स उघड्या लाकडी मांडणीवर असायची. मांडणीला पूर्वी काचा होत्या म्हणे. मी काही पाहिल्या नाहीत. कुणी काही बोलत नव्हतं, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एक दिवस मोरचुदाची बरणी गेली.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते निळे खडे नाही का, चुन्याबरोबर कालवून बागेवर फवारतात? आमच्या भागात एक वेळ सोनं उघड्यावर राहील, मोरचूद राहणार नाही.

प्राचार्यांनी मला बोलावलं. चेहरा असा, की जणू त्यांच्याच घरी दरोडा पडलाय.

"सर, आज मोरचूद गेलं. उद्या अ‍ॅसिड जाईल. परवा कुणाच्या अंगावर पडलं तर मी कुणाला तोंड दाखवू? चांगलं कपाट आणा. ग्रँट मार्चअखेरच्या आत खर्ची पडली पाहिजे. आणि तुम्ही केमिस्ट्रीचे. तेव्हा तुम्हीच निवडा."

तुम्हीच निवडा! माणसाच्या नाशाला एवढे दोन शब्द पुरे होतात बघा.

आता कपाट घ्यायचं म्हणजे तीन कोटेशनं आली. पहिलं आलं सांगलीहून. चौगुले नावाचे एक गृहस्थ लॅबचं सामान पुरवायचे. सकाळच्या गाडीनं आले, टेबलावर कॅटलॉग पसरला, आणि कपाळावरचा घामही न पुसता सांगायला लागले.

"हे बघा सर. खाली-वर जाळी, म्हणजे वाफ बाहेर जायला वाट. अ‍ॅसिडला तळाचा वेगळा खण, त्यात चिनी मातीची थाळी. सांडलं तरी तिथंच राहतंय. स्पिरिट वेगळं. अमोनिया अ‍ॅसिडच्या जवळपास नको. आणि आयोडीन तर एकट्यालाच ठेवा, ते वाफ होऊन उडतंय."

"चौगुले, आमच्याकडं आयोडीन उडत नाही. मोरचूद उडतं!"

माझ्या विनोदावर मीच हसलो.

"आणि ही जाळी कशाला? जाळीतून तार घालून कुलूप काढतील की!"

"सर, चोर वर्षातनं एकदा येणार. वाफ रोज येणार."

"चौगुले, केमिस्ट्री मी शिकवतो."

हे वाक्य आठवलं की आजही मी डोक्यावरून पांघरूण घेतो. चौगुल्यांनी कॅटलॉग मिटला, चहा घेतला, "बरोबर हाय तुमचं" म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं सांगलीला परत गेले. भला माणूस. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

तिथून मी सरळ गेलो दस्तगीरभाईंच्या शेडवर. स्टेशन रोडला त्यांची कपाटांची शेड होती. तालुक्यात लेकीचं लग्न ठरलं की आधी आचाऱ्याकडं जातात आणि मग दस्तगीरभाईंकडं. पत्र्याचं तपकिरी कपाट, आत चोरकप्पा, एका दारावर आरसा. सबंध तालुक्याच्या साड्या त्यांच्या कपाटांत होत्या.

"दस्तगीरभाई, असं कपाट करा, की मुंगी आत शिरता कामा नये."

"मुंगी न्हाई शिरायची सर. पर कपाटाला वाईच वारं लागतंय. लुगड्याच्या कपाटाला बी मी मागनं चार भोकं पाडतो, न्हाईतर कुबट वास मारतोय. तुमच्यात तर आसिट ठेवायचं."

"एकही भोक नको! उलट दारांना आतून रबर लावा. जीपच्या दाराला असतं तसं. चांगलं घट्ट."

दस्तगीरभाईंनी हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"सर, त्यात काय जितं ठेवनार न्हाई न्हवं?"

दुसरं कोटेशन दस्तगीरभाईंचं. तिसरं दस्तगीरभाईंच्या मेव्हण्याचं. लेटरहेड मेव्हण्याचं, अक्षर दस्तगीरभाईंचं, आणि दोन्हींत 'कपाट' हा शब्द एकाच पद्धतीनं चुकलेला. ऑफिसनं काही म्हटलं नाही. मार्चअखेर होती ना!

कपाट आलं. काय देखणं कपाट! रबर असं बसवलेलं, की दार लावताना फुस्स आवाज यायचा आणि उघडताना पाय भिंतीला लावून ओढावं लागायचं. आणि दस्तगीरभाईंनी सवयीनं दारावर आरसाही ठोकला होता. त्याखाली कमळ रंगवलेलं! मी काही बोलणार, एवढ्यात प्राचार्य आले, आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उत्तम निवड."

झालं. माझी छाती फुगली.

केमिकल्स लावली ती रजिस्टरच्या क्रमानं. ए टू झेड. अ‍ॅसिड 'ए'मध्ये, अमोनियाही 'ए'मध्ये. म्हणजे शेजारी-शेजारी! दुसऱ्या दिवशी दार ओढलं तर आतून पांढरा धूर! भसाभस! प्राचार्य तेव्हा आरशासाठीच आले होते. ते दोन उड्यांत व्हरांड्यात गेले. अ‍ॅसिडची वाफ आणि अमोनियाची वाफ भेटली की पांढरा धूर होतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. समीकरणासकट! पण मी काय म्हणालो असेन?

"बघितलंत सर? एक कणसुद्धा बाहेर गेला नव्हता. एवढं घट्ट आहे कपाट!"

अमोनिया काढून खिडकीत ठेवला, आणि प्रकरण मिटलं असं मी समजलो. देवानं, माफ करा, निसर्गानं दिलेला इशारा मी प्रशस्तिपत्र म्हणून वाचला. आयोडीनच्या बाटलीचं काचेचं बूच केव्हाचं फुटलेलं. तिथं मी कागदाचा बोळा कोंबला होता. आता अख्खं कपाटच हवाबंद म्हटल्यावर बाटलीला बूच कशाला, हा माझा शास्त्रीय विचार.

कुलपं दोन लावली. एकाची किल्ली माझ्याकडं, दुसऱ्याची प्राचार्यांकडं. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं ते प्राचार्य स्वतः रजिस्टरला लिहिणार. असा बंदोबस्त सातारच्या ट्रेझरीत तरी असेल का हो?

आता इथून पुढं हसू नका. निदान थोडा वेळ तरी.

मे महिन्यात सुजाताचं लग्न होतं. मुलगा लोणंदचा, रेल्वेत नोकरीला. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळं कर्ता मीच. माझं स्वतःचं लग्न व्हायचं होतं, पण आधी बहिणीचं, असं ठरलेलं. सुजातानं सगळ्या खरेदीत एकच हट्ट धरला होता. नवीन साडी नको. आईची पांढरी साडीच नेसणार.

त्या साडीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरानं छप्पन्न साली धम्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षांनी आईचं लग्न झालं. हिरवा चुडा नाही, पिवळी साडी नाही. साधी पांढरी सुती साडी, निळी बारीक किनार. गावातल्या बायका विहिरीवर हसल्या होत्या म्हणे. पांढरं नेसून कुणी बोहल्यावर उभं राहतं का, म्हणून. आई त्याच साडीत ताठ मानेनं वस्तीत आली. नव्या पद्धतीनं लग्न लागलेली आमच्या वस्तीतली ती पहिली. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ती साडी ट्रंकेत होती. दर उन्हाळ्यात आई ती स्वतःच्या हातानं धुवायची, तांदळाच्या पेजेची कडक खळ द्यायची, सावलीत सुकवायची आणि जरा दमट असतानाच घडी घालायची, म्हणजे घडी बसते.

खळ म्हणजे काय? पिष्ट! स्टार्च! केमिस्ट्रीच्या मास्तरला हे कुणी सांगायला पाहिजे होतं का?

लग्नाआधी घराचे पत्रे बदलायला काढले होते. गंजून भोकं पडलेल्या ट्रंका ओसरीवर, आणि उंदरांचा सुळसुळाट. एका रात्रीत त्यांनी मामाच्या टोपीला खिडकी पाडली. आईला साडीची काळजी लागली. आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "आई, साडी माझ्याकडं दे. लॅबच्या कपाटात ठेवतो. तालुक्यात त्याच्याइतकी सुरक्षित जागा नाही."

"आरं, तिथं ती तुजी औषधं असत्यात न्हवं? वास लागंल साडीला."

"अगं, हवाबंद आहे कपाट!"

"आरं मग वास जानार कुठनं?"

बघा! चौथीपर्यंत शिकलेली बाई. एमएस्सी झालेल्या पोराला विचारतेय, वास जाणार कुठनं. आणि पोरगा काय करतो? हसतो! तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "तुला नाही कळायचं त्यातलं." 

आईनं साडी ताज्या खळीची करून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जीव हाय माजा त्यात," एवढंच म्हणाली.

प्राचार्यांनी दुसरं कुलूप उघडलं. "हे काय?"

"जरा नाजूक वस्तू आहे सर. घरची."

प्राचार्यांनी रजिस्टरला लिहिलं: साडी, पांढरी, नग एक. मी ती चोरकप्प्यात ठेवली. चोरकप्प्याच्या तळाला फट होती, आणि बरोब्बर त्याखालच्या खणात आयोडीन. कागदाच्या बोळ्यासकट. दार लावलं. फुस्स.

लग्नाच्या आदल्या दिवशी साडी काढायची होती. प्राचार्य पेपर तपासण्याच्या कामासाठी सांगलीला गेलेले, आदल्या दिवशी येतो म्हणाले होते. आले नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी सातला मी एसटीडी बूथवर. आमच्यात मुहूर्त नसतो, पण पॅसेंजरची वेळ असते. वऱ्हाड लोणंदहून दहाच्या पॅसेंजरनं येणार होतं, आणि लग्न साडेबाराला.

"सर, किल्ली!"

"आहे ना. माझ्या खिशात आहे. काळजी करू नका."

"सर, तुम्ही सांगलीत आहात! आज लग्न आहे!"

"मी येणारच आहे लग्नाला. दुपारपर्यंत पोचतो. साडी सुरक्षित आहे, रजिस्टरला घेतलीय मी. आणि हे बघा, कपाट फोडू नका हं! कॉलेजची मालमत्ता आहे."

मी फोन ठेवला. बूथवाल्यानं मला स्टूल दिलं. बसलो. मग उठलो, स्कूटरला किक मारली आणि दस्तगीरभाईंना घेऊन लॅब गाठली.

"भाई, किती वेळ लागेल? कपाट तर फार मजबूत आहे."

दस्तगीरभाईंनी दाराच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर घातला, कपाटाच्या बगलेत एक दणका दिला. दार उघडलं. मी अजून स्कूटरची किल्ली खिशात ठेवत होतो.

"एवढंच?" मी म्हटलं.

"लगनाची कपाटं हायती सर. सासरी किल्ली हरवती पोरींची. उघडाय सोपी ठेवाय लागत्यात."

ऐकलंत? दोन कुलपं, दोन किल्ल्या, रजिस्टर! आणि चोराला लागला असता एक दणका.

पण तो विचार करायला वेळ कुठं होता? आतून वास आला. तिखट, नाकात जाणारा. वरच्या खणाला जांभळट झाक, पत्र्यावर तांबूस डाग. मी चोरकप्प्यातून फडकं काढलं. फडकं तपकिरी. फडकं सोडलं.

साडी निळी होती. निळी-काळी. घडीच्या प्रत्येक कडेला पट्टा, मधे ढग, पदरावर तळहाताएवढा डाग. आयोडीन अधिक स्टार्च. निळा-काळा रंग. पोरांनो, लिहून घ्या, परीक्षेला हमखास येतं. आठ वर्षं मी हे वाक्य म्हणत होतो.

दस्तगीरभाई हळूच म्हणाले, "सर, पांढरी व्हती न्हवं ही?"

भाईंनी स्कूटर माझ्याकडून घेतली आणि मला मागं बसवून घरी आणलं. तो रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मनात प्राचार्यांना शिव्या देत होतो, मग उंदरांना, मग दस्तगीरभाईंना. शिव्या द्यायला माणसं संपली आणि मग माझी पाळी आली.

अंगणात मांडव. बायका हळद खेळून आवरत होत्या. आईनं माझ्या हातातली साडी घेतली, उलगडली. जात्यावर बसली ती बसलीच. ओरडली असती, एक कानाखाली दिली असती, तर मी पाय तरी धरले असते. ती नुसती साडीवरून हात फिरवत राहिली, जिथं डाग नव्हता तिथून.

मामा पुढं झाले. आईचे थोरले भाऊ, सभा-मिरवणुकांतले पुढारी, आणि टोपीला खिडकी. त्यांनी साडी निरखली.

"आगं, निळी झालीया न्हवं? मग काय बिघडलं? आपला रंग हाय त्यो!"

"दादा," आई म्हणाली, "झेंडा न्हवं त्यो. साडी हाय माजी!"

आणि ती रडली. मोठ्यानं. मांडवातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या.

आता काहीतरी करायलाच हवं होतं. मी पळत जाऊन ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणली, अर्धी बादली पाण्यात ढवळली, आणि साडी त्यात बुडवणार, एवढ्यात मनगट कुणीतरी घट्ट धरलं.

सुजाता. हळद लागलेली, केस ओले, डोळे लाल.

"दादा, ब्लीचिंगमध्ये बत्तीस वर्षांची साडी? चिंध्या होतील तिच्या."

"मग काय करू? तूच सांग काय करू!"

"डाग कशाचाय?"

"आयोडीनचा," मी पुटपुटलो.

"खळीवर?"

"खळीवर."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पुन्हा कुणी माझ्याकडं तसं बघू नये.

"आयोडीन आणि स्टार्चचा निळा रंग कशानं जातो?"

आणि मला आठवेना! शपथ सांगतो. आदल्या महिन्यात पोरांना विचारलेला प्रश्न. अंगणात सगळी भावकी उभी, मामा उभे, दस्तगीरभाई उभे, आणि मी विद्यार्थ्यासारखा जमिनीकडं बघत उभा. वही असती तर वहीमागं लपलो असतो.

"हायपो!" ती म्हणाली. "सोडियम थायोसल्फेट. टायट्रेशनला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचो, निळा रंग गेला की थांबायचं. जा, घेऊन ये. कपाटात 'एस'खाली असंल."

मी स्कूटरवर गेलो आणि आलो. बाटली हातात घेऊन सरळ बादलीत ओतणार, तर पुन्हा मनगट.

"आधी कोपरा. थोड्यावर करून बघायचं, मग सगळ्यावर. तूच शिकवलंयस ना?"

तिनं वाटीभर पाण्यात चार खडे विरघळवले. पदराचा आतला कोपरा बुडवला. सगळे वाकून बघत होते. मामांनी श्वास रोखला होता, दस्तगीरभाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते.

निळा रंग गेला. कुणी पुसल्यासारखा. खालची पांढरी साडी बाहेर आली.

मामा ओरडले, "आयला!" बायकांनी टाळ्या पिटल्या. दस्तगीरभाईंनी वर बघून हात तोंडावरून फिरवले. मग सगळी साडी बादलीत, मग तीन पाण्यांतून खळाखळा, मग कोरेगावचं मे महिन्यातलं ऊन. अर्ध्या तासात वाळली. आई उठली, डोळे पुसले आणि चुलीकडं निघाली.

"आई, कुठं चाललीस?"

"पेज काढते. खळ नको व्हय?"

"खळ नको!" मी आणि सुजाता एकदम ओरडलो. आमच्या दोघांचं एकमत झालं ते गेल्या कित्येक वर्षांत तेव्हाच.

दहाची पॅसेंजर नेहमीप्रमाणं अकराला आली. असा उशीर सगळ्यांना मिळो. साडेबाराला सुजाता त्या साडीत उभी राहिली, त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले. साडी जरा मऊ पडली होती, चुण्या बसत नव्हत्या, पण पांढरी होती. आई पहिल्या रांगेत बसली होती. मी कोपऱ्यात खांबामागं. बहीण सुंदर दिसत होती आणि मला रडू येत होतं. मी ते लपवलंही नाही.

जेवणं चालू असताना प्राचार्य आले, सांगलीहून थेट. आल्या आल्या खिशातून किल्ली काढून मला दाखवली. "बघा, जपून आणलीय!" मग आहेर म्हणून टोपलीभर डाळिंबं दिली. त्यांच्या मळ्यातली. लालबुंद, एकावर डाग नाही.

"यंदा बाग फार छान आली," ते म्हणाले. "मोरचुदाची फवारणी वेळेवर मिळाली ना!"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते डाळिंबांकडं बघत होते. आणि दुसरी किल्ली अजून त्यांच्या हातात होती.

सांगलीच्या चौगुल्यांना मी दुसऱ्याच आठवड्यात पत्र घातलं. जाळीचं कपाट आलं. अ‍ॅसिड तळाला थाळीत, स्पिरिट वेगळं, अमोनिया दुसऱ्या टोकाला, आयोडीन नव्या बुचासकट एकटं. चौगुल्यांनी लावून दिलं आणि जाताना इतकंच म्हणाले, "बरोबर केलंत तुमी." बिचाऱ्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. दस्तगीरभाईंचं कपाट प्राचार्यांनी आपल्या केबिनमध्ये नेलं. आरशासाठी.

पण खरी गोष्ट इथं संपत नाही. संपते ती त्या दिवशी संध्याकाळी, पाठवणीला.

स्टेशनवर पोचवायला जीप दारात उभी. वऱ्हाड बसलेलं. आई रडतेय, मामा रडतायत, मी तर सकाळपासून रडतोच आहे. सुजाता सगळ्यांच्या पाया पडून शेवटी माझ्याजवळ आली. गळ्यात पडली. माझं मन भरून आलं. ह्या पोरीनं आज माझी लाज राखली, आईचा जीव वाचवला. मनात म्हटलं, आता ही जे मागेल ते द्यायचं. सोनं मागितलं तरी.

ती कानाशी म्हणाली, "दादा, एक मागू?"

"माग गं. काय पाहिजे ते माग."

"त्या प्रॅक्टिकलच्या सोळाचे आता किती करशील?"

मी हसलो. डोळे पुसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि सांगतो तुम्हाला, मला खरंच तीस म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण आठ वर्षांची सवय हो! तोंडातून निघालं,

"अठरा."

सुजाता जीपमध्ये जाऊन बसली. आई रडायची थांबली. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यानंतर पंधरा दिवस मला भाकरी करपलेली मिळाली.